जुनी पेडल स्टील गिटार ओळखायची कशी, दुरुस्त करायची कशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून, आणि अधूनमधून पुण्या-मुंबईहूनही, या वाद्याबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. कुणाला गराज सेलमध्ये एक जड काळी केस मिळालेली असते, कुणी घर विकत घेतलं की माळ्यावर ती सापडते. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एक गोष्ट मात्र सगळ्यांना आधीच सांगतो: या वाद्याची खरी ओळख त्याच्या पोटाखाली असते. आधी उलटी करून बघा, भरपूर फोटो काढा, मगच पाना हातात घ्या.

१. पेडल स्टील गिटार म्हणजे नेमकी कुठली? आपली हवाईयन गिटार तीच का?

घराणं एक, वाद्यं दोन. तारांवर धातूचा बार सरकवून वाजवायची पद्धत हवाईच्या ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकूनं १९व्या शतकाच्या अखेरीस रुजवली असं मानतात. मांडीवर ठेवायची विजेवरची गिटार १९३०च्या दशकात आली. पण बार पडला सरळ. त्यामुळे तारा एकदा लावल्या की मोजकेच कॉर्ड हाती लागतात. यातून सुटायला कुणी एकाच वाद्याला दोन, तीन, चार नेक (तारांचा एकेक स्वतंत्र संच असलेले पट्टे) बसवले, तर कुणी तारा पायानं चढवता-उतरवता येतील अशी यंत्रणा केली. गिब्सनची इलेक्ट्राहार्प १९३०च्या दशकाच्या शेवटी आली. कॅलिफोर्नियात पॉल बिग्सबीनं १९४८ साली वादक स्पीडी वेस्टसाठी चार पेडलची गिटार बनवली. मग १९५४ साली गाजलेल्या, गायक वेब पीअर्सच्या एका गाण्यात बड आयझॅक्सनं तार वाजत असतानाच पेडल दाबलं आणि स्वर कानादेखत वळला. अमेरिकन कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलचे बाकीचे वादक त्यानंतर आपापल्या गिटारींना पेडल बसवायच्या मागे लागले.

चार पाय, खाली आडवी पट्टी, तिच्यावर पेडल आणि बॉडीच्या खाली गुडघ्यानं ढकलायचे लीव्हर दिसले, तर ती पेडल स्टील.

२. आमच्या घरी आजोबांची हवाईयन गिटार आहे. ती पेडल स्टील निघू शकेल का?

जवळजवळ नक्कीच नाही. हिंदी चित्रपटगीतांच्या धुना ज्यांच्यामुळे घरोघरी पोचल्या ते व्हॅन शिपले, हजारा सिंग, काझी अनिरुद्ध, सुनील गांगुली ही सगळी मंडळी बिनपेडलच्या गिटारवर वाजवत. ब्रिजभूषण काब्रांनी राग मांडले तेही बिनपेडलच्याच गिटारवर. म्हणून तिला कमी लेखू नका. जपण्यासारखीच ती वस्तू आहे, फक्त खालची बरीचशी उत्तरं तिला लागू पडणार नाहीत. पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग (प्रश्न ११), आणि पॉलिश (प्रश्न १२) यांचं उत्तर मात्र दोन्हींना सारखंच.

३. नावाची पट्टी गेलीय. कुणी बनवलीय हे कसं ओळखू?

केस जमिनीवर उघडी ठेवा आणि गिटार तिच्यात पालथी घाला. वादकही पाय आणि पेडलचे रॉड असेच जोडतात. आता समोर जे दिसतं ते वाचायला शिकायचं.

आडव्या दांड्या म्हणजे क्रॉस-शाफ्ट, एकेका पेडलला किंवा लीव्हरला एकेक. त्यांच्यावर छोटे हुक बसवलेले असतात, त्यांना बेल क्रँक म्हणतात. प्रत्येक बेल क्रँकमधून एक बारीक रॉड उजव्या टोकाला चेंजरपर्यंत जातो. चेंजर म्हणजे अॅल्युमिनियमच्या बोटांची रांग, एका तारेला एक बोट. बोट फिरलं की तार चढते किंवा उतरते.

रॉडऐवजी केबल दिसल्या तर मनात पहिलं नाव फेंडरचं यावं. फेंडरची ४०० म्हणजे एक नेक आणि ८ तारा, १००० म्हणजे दोन नेक आणि प्रत्येकी ८ तारा. या दोन्ही १९५०च्या दशकाच्या अखेरीस आल्या. १० तारांच्या ८०० आणि २००० पुढे १९६०च्या दशकात आल्या. फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या बँडमधला स्नीकी पीट क्लाइनो फेंडर ४००च वाजवायचा, त्यामुळे "केबलवाली म्हणजे खेळणं" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

पेडल समोरच्या पट्टीवर पसरलेली नसून डाव्या बाजूच्या मागच्या पायाशी एका झुबक्यात असतील, तर गिब्सन इलेक्ट्राहार्पची शक्यता मोठी.

रॉड आहेत, आणि ते जाड पट्ट्यांमध्ये बसवलेल्या पितळी किंवा अॅल्युमिनियमच्या गोल बॅरलमधून जातात? मग शो-बड, साधारण १९६०च्या दशकाची अखेर ते १९७०च्या दशकाची सुरुवात. अनेक शो-बडच्या फ्रेटबोर्डवर पत्त्यांची चिन्हं असतात: इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. पट्टी गेली तरी ही चिन्हं सहसा टिकतात.

रॉडवर छोट्या कॉलर बसवल्या असतील आणि तोच रॉड एका हालचालीत बोट ओढत आणि दुसऱ्या हालचालीत ढकलत असेल, तर ती एमन्स पुश-पुल. जाणकार तिच्या आवाजासाठी जीव टाकतात. तिला सुरात लावायची रीत वेगळी आहे (प्रश्न ९).

बॉडीवर लाकडी पॉलिशऐवजी सनमायकासारखा पत्रा दिसला तर डॅलसच्या एमएसएचा विचार करा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. एमन्सनंही असा पत्रा भरपूर वापरला.

४. वर शो-बड असं स्पष्ट लिहिलंय. मग ओळख पटलीच ना?

कंपनी कळली. मॉडेल आणि काळ अजून कळायचाय, आणि फरक पडतो तो तिथेच. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोघांनी १९५०च्या दशकात ही कंपनी काढली. १९६३ साली एमन्स बाहेर पडला आणि रॉन लॅशलीबरोबर नॉर्थ कॅरोलिनातल्या बर्लिंग्टनमध्ये त्यानं स्वतःच्या नावाची कंपनी उभारली. शो-बडची यंत्रणा मात्र बदलत राहिली. सुरुवातीच्या 'पर्मनंट'मध्ये कोणतं पेडल कोणती तार हलवणार हे जवळपास पक्कं ठरलेलं असे, नंतरच्या 'फिंगरटिप'मध्ये ते बदलता येऊ लागलं. त्यापुढे बॅरलवाली यंत्रणा आली.

तुमच्याकडे एकच नेक, तीन पेडल आणि बहुधा एकच गुडघ्याचा लीव्हर असेल तर ती 'मॅव्हरिक' असणार. हे शिकाऊ मॉडेल. शिकायला चांगलं आहे, पण पुढे जास्तीचे लीव्हर बसवायचा बेत असेल तर तिच्यावर पैसे ओतू नका, तिची यंत्रणा ते पेलत नाही.

५. दोन नेकची जागा आहे, पण नेक एकच आणि शेजारी गादी. दुसरा नेक कुणी काढून विकला का?

घाबरून विकणाऱ्याशी भांडू नका. कित्येक वादकांना रुंद बॉडी हवी असायची आणि नेक एकच, दुसऱ्या नेकच्या जागी हात टेकायला गादी. लॉइड ग्रीनच्या नावाचं शो-बडचं मॉडेल असंच आहे. खात्री करायची असेल तर गादी अलगद उचला. खाली स्क्रूची जुनी भोकं, पिकअपची भरलेली खाच किंवा टोकाच्या प्लेटमध्ये दुसऱ्या चेंजरची उघडी जागा दिसली तर नेक काढलाय. लाकूड सलग असेल तर ती जन्मापासून अशीच आहे.

६. नेमकं वय कसं काढायचं? नंबर घातला की साल मिळतं ना?

फक्त नंबरावर विसंबून साल ठरवू नका. पेडल स्टीलचे कारखाने लहान होते, आणि वाद्य पुन्हा कारखान्यात जाऊन सुधारून येणं ही नेहमीची गोष्ट होती. नंबर टिपून ठेवा, पण साक्ष यंत्रणेची घ्या (प्रश्न ३ आणि ४).

टोन किंवा व्हॉल्यूमचं पोटेन्शिओमीटर (बटणाखालचा फिरता भाग) असेल तर त्याच्या पाठीवरचे आकडे बघा. अमेरिकन भागांवर पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे असतात: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे साल आणि आठवडा सांगतात. १३७६७१२ असं असेल तर सीटीएसनं तो भाग १९६७च्या १२व्या आठवड्यात बनवला. गिटार त्याआधीची नाही एवढंच यातून ठरतं, तेही तो भाग मूळचा असेल तर. सोल्डर बघा. बाकी सांधे जुने आणि मळकट, पण याचा सांधा चकचकीत असेल तर हा भाग नंतर बसवलाय.

७. तारा गंजल्यात, नव्या कुठल्या लावू? आणि तिसरी तार सारखी का तुटते?

दहा तारांची एक नेकवाली गिटार असेल तर ती बहुतेक ई-नाइन ट्यूनिंगची. पहिल्या तारेपासून स्वर असे: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. दोन नेक असतील तर वादकाजवळचा नेक बहुधा सी-सिक्सचा. ई-नाइनचा तयार सेट आणा, साध्या गिटारचा लावू नका. जाडी ०.०१३, ०.०१५, ०.०११, ०.०१४, ०.०१७, ०.०२०, ०.०२६, ०.०३०, ०.०३४ आणि ०.०३८ इंच अशी किंवा याच्या आसपास असते.

तिसरी तार सगळ्यात बारीक, स्वर सगळ्यात उंच, आणि त्यावर 'बी' पेडल (प्रश्न १५) तिला आणखी अर्धा स्वर चढवतं. नव्या तारेचा बळी अधूनमधून जाणारच. पण आठवड्याला एक जात असेल तर दोष चेंजरच्या बोटात आहे. तार काढून बोटाच्या माथ्यावर नख फिरवा. खाच लागली तर तीच तार कापतेय. बोट काढून बारीक पॉलिश पेपरनं माथा पुन्हा गोल करायचा, नंतर मेटल पॉलिशनं आरशासारखा करायचा. कानस लावू नका.

८. पेडल सोडलं तरी स्वर जागेवर परत येत नाही. चेंजर बदलावा लागेल का?

शंभरातल्या बहुतेक गिटारींना बदल नको असतो, साफसफाई हवी असते. चेंजरच्या बोटांमध्ये ४०-५० वर्षांचं तेल, धूळ आणि हाताचा मळ मिळून डिंकासारखा थर बसलेला असतो.

आधी दोष कुठे आहे ते शोधा. चौथी तार ट्यूनरवर बघा. पेडलनं चढवून सोडा आणि आकडा लिहा, मग लीव्हरनं उतरवून सोडा आणि आकडा लिहा. दोन आकड्यांमध्ये ठळक फरक असेल तर बोट अडकतंय. मग रॉडच्या टोकाचे नायलॉनचे षटकोनी नट बघा. पेडल न दाबता रॉडला किंचित ढील हवी. नट इतका कसलेला असेल की रॉड आरामातही बोटाला ओढून धरतो, तर तार कधीच जागेवर बसणार नाही. हे सैल करायला काही मिनिटं पुरतात, आणि लोक मात्र यासाठी पूर्ण चेंजर बदलायला निघतात. तिसरी जागा म्हणजे खुंटीकडच्या रोलर नटातली चाकं. ती फिरत नसतील तर तार त्यांच्यावर घसरते आणि अडकते.

एवढं करूनही फरक राहिला तर चेंजर धुवा. तारा सैल करा, गिटार उलटी घ्या, खाली जुनं कापड पसरा आणि लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था ड्रॉपरनं बोटांमध्ये सोडत पेडल हलवत राहा. काळं पाणी यायचं थांबेपर्यंत हे करायचं. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ज्योत किंवा सिगारेट नको, आणि लाकडी पॉलिशवर थेंब पडू देऊ नका. सुकलं की प्रत्येक सांध्याला सुईच्या टोकानं शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. डब्ल्यूडी-४० फवारू नका. आज सगळं मोकळं वाटतं, पण मागे राहिलेला थर पुन्हा धूळ धरतो, आणि तुम्ही आत्ता जो मळ काढताय त्यात बरेचदा तोच असतो.

पूर्ण सुटं करायचंच असेल तर त्याआधी प्रत्येक रॉडचा फोटो काढा आणि कागदावर लिहा: कोणतं पेडल, कोणती तार, बेल क्रँकचं कितवं भोक, चेंजरचं कितवं भोक. हा कागद हरवला तर पुढचा महिनाभर तुम्ही कोडं सोडवत बसाल.

९. एमन्स पुश-पुल सुरात लावताच येत नाही. काय चुकतंय?

क्रम उलटा आहे. ऑल-पुल, म्हणजे रॉड बोटाला फक्त ओढतो अशा इतर गिटारींवर मोकळी तार खुंटीनं लावायची, मग पेडल दाबून चढलेला किंवा उतरलेला स्वर टोकाच्या नायलॉन नटानं, साधारणपणे ३/१६ इंचाच्या षटकोनी सॉकेटनं जुळवायचा. पुश-पुलवर जी तार उतरते तिचा उतरलेला स्वर आधी, लीव्हर दाबून धरून, खुंटीनं लावायचा. मग लीव्हर सोडून मोकळा स्वर टोकाच्या स्क्रूनं जुळवायचा. ऑल-पुलच्या सवयीनं गेलात तर एक स्वर जुळला की दुसरा बिघडतो आणि गिटार बिघडलीय असं वाटायला लागतं.

१०. ट्यूनर सगळं हिरवं दाखवतो, तरी कॉर्ड कानाला खटकतो. ट्यूनर खराब की गिटार?

दोन्ही ठीक आहेत, आणि तुमचा कानही. ई हा सा धरला तर तिसरी आणि सहावी तार, म्हणजे जी शार्प, हा तुमचा शुद्ध गंधार. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार ट्यूनरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली असतो. आपल्याकडे हार्मोनिअमबद्दल जो जुना वाद आहे तोच हा. बहुतेक पेडल स्टील वादक हा स्वर मुद्दाम उतरवून लावतात, काही पुरते १४ सेंट, काही त्याहून कमी, म्हणजे दुसऱ्या कॉर्डांतही निभावतं. आधी ई आणि बी पक्के करा, मग गंधार कानानं बसवा. गाण्याचा कान असलेल्या माणसाला हे पहिल्याच दिवशी जमतं.

पेडल दाबल्यावर ज्या तारांचा त्याच्याशी संबंध नाही त्याही थोड्या उतरतात, तो प्रकार वेगळा. त्याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात, ओढीनं बॉडी किंचित वाकते. चौथी तार वाजवून 'ए' आणि 'बी' पेडल दाबा आणि ट्यूनर बघा. दोन-चार सेंट सगळ्यांतच असतात. खूप जास्त असतील तर पायांच्या सॉकेटचे आणि टोकाच्या प्लेटचे स्क्रू ढिले आहेत का ते आधी तपासा.

११. आवाजच येत नाही, किंवा खरखरतो. पिकअप गेला का?

व्हॉल्यूम पेडल बाजूला काढा आणि थेट अॅम्पला जोडा. खरखर तिथेच संपते, कारण ते पेडल सतत हलत असतं आणि आतलं पोटेन्शिओमीटर झिजतं. तरीही आवाज नसेल तर मल्टीमीटर लावा. दहा तारांचा सिंगल कॉइल पिकअप साधारण १५ ते २० किलोओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कुठेतरी वायर तुटलीय, आणि ती बरेचदा कॉइलच्या बाहेर, सांध्याशीच तुटलेली असते. कॉइल खरंच गेली असेल तर तीच गुंडाळून घ्या, फेकून नवी बसवू नका. गुणगुण असेल तर ती सिंगल कॉइलचा स्वभाव आहे.

१२. पॉलिश उडालंय, तडे गेलेत. पुन्हा चकाचक करून घेऊ का?

नको. जुन्या लॅकरला पडलेले बारीक तडे म्हणजे वयाची खूण, आणि नव्या पॉलिशनं किंमत घटते. ओलसर मऊ कापड, मग कोरडं कापड, बस. रबर किंवा प्लास्टिकचा पट्टा लॅकरला टेकवून ठेवू नका, ते वितळून चिकटतं. टोकाच्या अॅल्युमिनियम प्लेट मात्र खुशाल चमकवा.

१३. तुटलेला भाग मिळेल का?

अमेरिकेत मिळतो. जुन्या शो-बड आणि एमन्सचे भाग आजही बनवून देणारे कारागीर आहेत. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या शो-बडचे काही भाग ओतीव पांढऱ्या धातूचे आहेत, ते तडकतात. त्यांना वेल्डिंगच्या नादी लागू नका, अॅल्युमिनियमचा नवा भाग घ्या. जुना भाग चिठ्ठी लावून केसमध्ये ठेवा.

१४. भारतात न्यायची आहे. चालेल ना तिथल्या विजेवर?

गिटारला वीज लागतच नाही, अॅम्पला लागते. अमेरिकन अॅम्प १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३० व्होल्ट. पुरेशा वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि अॅम्प ५० हर्ट्झवर चालतो का हे त्याच्या पाठीवर वाचा. भारतात घेतलेला अॅम्प वापरणं सगळ्यात सोपं. दोन नेकची गिटार केससकट ३० किलोच्या आसपास जाते, तेव्हा पाय, पेडलची पट्टी आणि रॉड सुटे करून वेगळे गुंडाळा. मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत रॉड गंजतात आणि केसच्या मखमलीला बुरशी येते. केसमध्ये सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्यात ती बंदच पडू देऊ नका.

१५. सफाई झाली, पण पेडलची रचना पुस्तकातल्यासारखी नाही. बदलून टाकू का?

आधी ती खरंच वेगळी आहे का ते बघा. बडी एमन्सच्या रचनेत पेडल डावीकडून ए, बी, सी आणि जिमी डे या दुसऱ्या वादकाच्या रचनेत सी, बी, ए. म्हणजे 'उलटी' दिसणारी गिटार बरोबरच असू शकते. ए पाचवी आणि दहावी तार बी वरून सी शार्पला नेतं, बी तिसरी आणि सहावी जी शार्पवरून ए ला, आणि सी चौथी ई वरून एफ शार्पला आणि पाचवी बी वरून सी शार्पला.

याच्याशीही जुळत नसेल तर ती एखाद्या वादकानं स्वतःसाठी बसवलेली रचना आहे. स्नीकी पीटची रचना नॅशव्हिलची नव्हती. हाउस ऑफ गॉड चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या स्टील वाजवणाऱ्यांच्याही रचना आपापल्या आहेत. अशी गिटार हाती आली तर तिचा पूर्ण तक्ता आधी लिहून काढा (पद्धत प्रश्न ८ मध्ये आहे) आणि काही आठवडे तशीच वाजवून बघा. नंतर ई-नाइनची नेहमीची रचना लावायची तर खुशाल लावा. रॉड आणि बेल क्रँकच हलवायचे आहेत, नवं भोक पाडू नका, आणि तो तक्ता केसच्या खिशात ठेवून द्या.